हेडफोन लावून गाडी चालवण्याबद्दल कायदा नेमके काय सांगतो?

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे जो लांब उतार लागतो, तिथे अवजड वाहनांवरचा ताबा सुटून झालेले अपघात शहराला नवे नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका टँकरने तिथे ४८ वाहनांना धडक दिली, तेव्हा त्या रस्त्याची देशभर चर्चा झाली. ब्रेक लागेनासे झालेल्या गाडीच्या चालकाकडे इतरांना सावध करण्याचे जवळजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे हॉर्न. पुढे चाललेल्या दुचाकीस्वाराचे डोळे समोर असतात आणि आरशात तो अधूनमधूनच पाहतो, त्यामुळे मागून येणारे संकट त्याला दिसण्याआधी ऐकू येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तिचा हॉर्न दोन सेकंद उशिरा लक्षात आला, तर तेवढ्यात ती ३३ मीटर पुढे आलेली असते, आणि बाजूला होण्यासाठी मिळणारा वेळ बहुधा तेवढाच असतो.

सिग्नलला थांबून आजूबाजूला पाहिले, तर हेल्मेटच्या आत किंवा स्कार्फखाली इअरबड लावलेले कितीतरी चालक दिसतात. फोन हातात नसल्यामुळे आपण काही नियमबाह्य करत आहोत असे त्यांच्यातल्या अनेकांना वाटत नाही. दुसरीकडे, हेडफोन लावल्यास २० हजार रुपये दंड होणार असल्याचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि लोक ते घाबरून पुढे पाठवतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हेडफोनसाठी २० हजारांचा दंड केंद्रीय कायद्यात कुठेही नाही. पण हेडफोन लावून गाडी चालवायला कायद्याने मोकळीक दिली आहे, असेही नाही. खरी स्थिती या दोहोंच्या मधली आहे आणि ती समजून घेण्यासाठी कायद्यातले शब्द थोडे जवळून पाहावे लागतात.

कलम १८४ आणि ‘हातात धरलेले’ साधन

रस्त्यावरील वाहतुकीचा आपला मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या वाढीव तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या. महाराष्ट्राने ही वाढ सुरुवातीला थांबवून ठेवली होती. राज्यात नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे कलम आहे १८४, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचे कलम. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला एक स्पष्टीकरण जोडले आणि कोणत्या कृती धोकादायक धरल्या जातील ते त्यात सांगितले. लाल सिग्नल तोडणे, थांबण्याची खूण न जुमानणे, नियम मोडून ओलांडून पुढे जाणे, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणे या कृतींबरोबर त्यात आणखी एक कृती आहे: वाहन चालवताना हातात धरण्याचे संपर्क साधन वापरणे.

‘हातात धरण्याचे’ या शब्दांपाशीच सगळा गोंधळ सुरू होतो. फोन कानाला लावून बोलणारा चालक या व्याख्येत सरळ बसतो. मांडीवर फोन ठेवून संदेश वाचणारा, किंवा हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये फोन खोचून बोलणारा चालकही आपण या व्याख्येबाहेर आहोत असे फार काळ म्हणू शकणार नाही. पण खिशातल्या फोनला ब्लूटूथने जोडलेला इअरबड हातात धरलेला नसतो, आणि हेडफोन किंवा इअरफोन हे शब्द या कलमात कुठेही आलेले नाहीत. त्यामुळे नुसत्या हेडफोनसाठी या विशिष्ट उपकलमाखाली कारवाई झाली, तर त्यावर कायदेशीर वाद घालता येतो.

मात्र स्पष्टीकरणाची यादी तिथे संपत नाही. शेवटी एक व्यापक वाक्य आहे. सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाने वाहन चालवणे, आणि तसे चालवणे धोक्याचे आहे हे सक्षम व सावध चालकाला उघडपणे कळण्यासारखे असणे, हेही धोकादायक वाहन चालवणेच ठरते. माझ्या मते हेडफोनचा प्रश्न खऱ्या अर्थाने या वाक्यात येतो. भर वाहतुकीत दोन्ही कान बंद करून, मोठ्या आवाजात गाणी ऐकत जाणे हे सावध चालकाचे वागणे आहे का, असा प्रश्न न्यायालयासमोर आला, तर त्याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून राहील: रस्ता कोणता होता, वेग किती होता, आवाज किती होता आणि त्यातून काय घडले.

शिक्षाही समजून घेतली पाहिजे. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान सहा महिने ते कमाल एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला, तर दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर पावती फाडताना आपल्याला ही शिक्षा दिसत नाही, कारण कलम २०० खाली ठरावीक गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येते आणि हे शुल्क प्रत्येक राज्य ठरवते. एकाच चुकीसाठी शेजारच्या दोन राज्यांत वेगळी रक्कम का लागते, याचे कारण हेच आहे.

इथे एक बारकावा आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. कलम १८४ मधील सगळ्या कृतींना तडजोडीची सोय नाही. ती फक्त हातात धरण्याच्या संपर्क साधनाच्या वापरापुरती आहे. म्हणजे फोन कानाला लावून बोलणारा चालक शुल्क भरून मोकळा होऊ शकतो, पण एखाद्यावर सर्वसाधारण धोकादायक वाहन चालवण्याचा आरोप ठेवला गेला, तर त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते. शिवाय शुल्क भरून मिटवलेला गुन्हा पुसला जात नाही. पुढच्या वेळी तो पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. कलम १८४ खालील गुन्हा घडल्याचे पोलिसांना सकारण वाटले, तर ते लायसन्स ताब्यात घेऊन पुढील कारवाईसाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात.

त्याखेरीज कलम १७७ आहे. ज्या उल्लंघनासाठी कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यासाठी पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड, असे हे सर्वसाधारण कलम आहे. त्यामुळे हाती आलेल्या चलानावर केवळ रक्कम पाहून थांबू नये, कोणते कलम लावले आहे तेही वाचावे. आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, हे त्या आकड्यांवरूनच कळते.

नकाशा पाहण्याची मुभा

‘मी फोनवर बोलत नव्हतो, रस्ता ऐकत होतो,’ असे उत्तर अनेकदा ऐकू येते आणि घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते खरेही असते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. त्यानुसार वाहन चालवताना हातातील संपर्क साधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी, म्हणजे नकाशा पाहून रस्ता शोधण्यासाठी करता येतो, आणि तोही चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने. हँडलवर पकड लावून फोन बसवणे आणि वळणाच्या सूचना घेणे या मुभेत बसते. त्याच फोनवर मार्गदर्शन चालू असताना ग्राहकाशी पत्त्यावरून हुज्जत घालणे या मुभेत बसत नाही. या मुलांवर वेळेचे दडपण किती असते हे रस्त्यावर उघड दिसते, आणि त्यांचा दोष काढताना ते दडपण निर्माण करणाऱ्यांची जबाबदारी विसरता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

कायदा कान उघडे असल्याचे गृहीत धरतो

हेडफोन हा शब्द कायद्यात नसला, तरी चालकाला ऐकू येते आहे ही अपेक्षा वाहतुकीच्या नियमांत जागोजागी पेरलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक मोटार वाहनाला हॉर्न असणे बंधनकारक आहे. घाटातल्या आंधळ्या वळणांवर निळ्या वर्तुळात जी हॉर्नची खूण असते, ती सूचना नसून आदेश आहे. तिथे हॉर्न वाजवलाच पाहिजे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ट्रकच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांवर बंदी घातली, कारण विनाकारण वाजणाऱ्या हॉर्नने सर्वांनाच त्रास होत होता. पण वरंध किंवा आंबा घाटातल्या वळणावर वाजणारा हॉर्न विनाकारण नसतो. समोरच्या दिशेने येणाऱ्याने तो ऐकावा म्हणूनच तो वाजवायचा असतो, आणि त्याच्या कानात गाणे चालू असेल, तर नियम पाळणाऱ्याची सावधगिरी वाया जाते.

रुग्णवाहिकेचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई नुसार अग्निशमन दलाचे वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्याने ठरवलेले अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो चालक रस्त्याच्या कडेला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेडफोनबद्दल पहिल्यांदा होऊ शकणाऱ्या कोणत्याही दंडापेक्षा ही रक्कम मोठी आहे. ‘मला सायरन ऐकूच आला नाही,’ हे उत्तर ज्याने स्वतःच आपले कान बंद केले आहेत, त्याला शोभत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागे अडकलेली असताना तिच्या आतल्या माणसाच्या दृष्टीने प्रत्येक मिनिटाची किंमत काय असते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

रेल्वेच्या बाबतीत कायदा आणखी काटेकोर आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३१ सांगते की पहारेकरी नसलेल्या फाटकापाशी चालकाने गाडी थांबवावी, आणि गाडीतील मदतनीसाने किंवा तसा कोणी नसेल तर चालकाने स्वतः खाली उतरून, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करून मगच रूळ ओलांडावेत. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात अशाच एका फाटकावर शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीची धडक बसली आणि १३ मुले मरण पावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक माहितीच्या आधारे तेव्हा सरकारी पातळीवरून सांगण्यात आले. रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील अशी सगळी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली किंवा तिथे माणूस नेमला. त्या १३ घरांसाठी हा निर्णय उशिरा आला.

एकच कान मोकळा ठेवला तर?

अनेकजण सद्भावनेने एकाच कानात इअरबड घालतात आणि दुसरा कान रस्त्यासाठी ठेवला आहे असे मानतात. दोन्ही कान बंद करण्यापेक्षा हे बरे आहे, पण त्यातली अडचण कानाच्या रचनेतच आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. डावीकडून आलेला हॉर्न डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, आणि एवढ्या सूक्ष्म फरकावरून आपण मान कोणीकडे वळवायची ते क्षणात जाणतो. एक कान झाकला की हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठून आला हे नीट कळत नाही. चौकात असे गोंधळणे आणि न ऐकणे यांत फारसे अंतर उरत नाही.

बाहेरचा गोंगाट कमी करणारे नवे इअरबड हा आणखी काळजीचा भाग आहे. त्यांतील छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट्या लहरी कानात सोडून तो आवाज मारून टाकतो. सलग आणि खालच्या पट्टीतला आवाज या पद्धतीने सर्वांत चांगला नाहीसा होतो, आणि जवळ येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर नेमकी त्याच प्रकारची असते. विमानात झोप लागावी म्हणून केलेली ही सोय महामार्गावर आपल्याच सावधपणाच्या विरोधात काम करते.

आणि कान पूर्ण मोकळे असले, तरी बोलण्याचा प्रश्न उरतो. कॅनडातील टोरांटो शहरात मोबाइल वापरणाऱ्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, आणि हात मोकळे ठेवणारे साधन वापरल्याने त्यात ठळक फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. हात मोकळे झाले तरी मन गुंतलेलेच असते. घरच्या आजारपणाविषयी किंवा साहेबांच्या रागाविषयी बोलणारा माणूस समोर पाहत असतो, पण जे दिसते ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शेजारी बसलेली व्यक्ती रस्ता अवघड झाला की आपोआप गप्प होते. फोनच्या पलीकडच्या माणसाला रस्ता दिसत नाही, त्यामुळे तो बोलतच राहतो.

एक रास्त आक्षेप

कोणी म्हणेल की कर्णबधिर व्यक्तींना गाडी चालवण्याची परवानगी आहे, मग ऐकण्याचा एवढा आग्रह कशासाठी? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. कर्णबधिर व्यक्ती चाचणी उत्तीर्ण होत असेल, तर केवळ ऐकू येत नाही म्हणून तिला लायसन्स नाकारू नये, ही भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेतली आणि ती न्याय्य होती. पण त्या व्यक्तीची आणि हेडफोन लावलेल्या चालकाची स्थिती एक नाही. ज्याला मुळातच ऐकू येत नाही, तो आरशांकडे, आजूबाजूच्या हालचालींकडे आणि मागच्या दिव्यांकडे सतत लक्ष देण्याची सवय वर्षानुवर्षे बाणवतो. हेडफोन लावणाऱ्याची सवय ऐकून वागण्याची असते. तो आरशात तितकेच कमी पाहतो, आणि वर त्याचे लक्ष गाण्यात किंवा गप्पांत वाटले गेलेले असते. श्रवणयंत्राची गोष्ट तर उलटच आहे. ते ऐकायला मदत करते, आणि त्याला हेडफोनच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल.

इतर देशांनी काय केले

फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून मोटार, दुचाकी आणि सायकल चालवणाऱ्या सर्वांना कानात किंवा कानावर साधन लावायला बंदी केली. दंड १३५ युरो आहे, आणि श्रवणयंत्राला सूट आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, जिथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, दोन्ही कान झाकणारे हेडफोन किंवा दोन्ही कानांतील इअरफोन लावून वाहन किंवा सायकल चालवणे बेकायदा आहे. एक कान मोकळा असेल तर चालते. जर्मनीच्या नियमांत साधनाचे नाव नाही, पण आपली दृष्टी आणि श्रवण यांत अडथळा येणार नाही याची जबाबदारी चालकावर टाकलेली आहे. ब्रिटनमध्ये हेडफोनवर वेगळी बंदी नसून निष्काळजी वाहन चालवण्याच्या कायद्याखाली तो विचार होतो, म्हणजे जवळपास आपल्यासारखेच. मला यांत जर्मन मांडणी सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण उद्या कानात घालायचे कोणते नवे यंत्र निघाले तरी नियम बदलावा लागत नाही.

अपघात झाल्यावर

हेडफोनचा खरा हिशेब चलानाच्या वेळी होत नाही, अपघातानंतर होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ नुसार बेदरकारपणे वाहन चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर कलम १०६ च्या पहिल्या भागानुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. अशा खटल्यात चालकाचे कान बंद होते ही बाब त्याचा निष्काळजीपणा दाखवायला वापरली जाऊ शकते. जखमी झालेला चालक स्वतः नुकसानभरपाई मागायला मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे गेला, तर तिथेही अपघाताला त्याचा हातभार लागला होता असा मुद्दा समोरची बाजू मांडू शकते, आणि तो मान्य झाला तर भरपाईची रक्कम त्या प्रमाणात घटते.

हेडफोनमुळे अपघात होतात किती, या प्रश्नाचे उत्तर मात्र सरकारी आकडेवारी देत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या अहवालात रस्त्यांवरील एकूण मृत्यू १,५३,९७२ होते आणि त्यांपैकी १,०४० मोबाइलच्या वापराखाली नोंदवलेले होते. त्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, विरुद्ध दिशा, लाल सिग्नल आणि मोबाइल यांचे रकाने आहेत, कानातल्या साधनांचा नाही. अपघाताच्या जागी पडलेला इअरबड पंचनाम्यात आला तरी तो बेरजेत येत नाही.

हेल्मेटमधील स्पीकरचाही नियमात विचार व्हायला हवा, कारण लांबच्या प्रवासाला एकत्र जाणारे दुचाकीस्वार ते एकमेकांना खड्डा किंवा वळण सांगण्यासाठी वापरतात आणि त्याने कानाचे भोक बंद होत नाही. आवाज हळू असेल, तर त्याची गणना कानात घट्ट बसणाऱ्या इअरबडबरोबर करू नये. मोटारीतल्या गाण्यांनाही तोच न्याय लावता येईल: बाहेरचा हॉर्न आणि सायरन ऐकू येईल इतपत आवाज. हे सारे स्पष्ट करण्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ ने वाहन चालवण्याचे विनियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे, त्याच अधिकारात २०१७ चे विनियम आले, आणि त्यांचे उल्लंघन केल्यास कलम १७७-ए खाली ५०० ते १,००० रुपये दंडाची सोय आधीच झालेली आहे. वाहन चालवताना कान बंद करणारे कोणतेही साधन लावू नये, श्रवणयंत्र याला अपवाद राहील, एवढे नेमके वाक्य राजपत्रात छापले, तर चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला कोणते कलम लावायचे हा प्रश्न पडणार नाही आणि चालकाला ‘माझा फोन तर खिशात होता’ असे म्हणता येणार नाही.